वन्संचं दहाच्या वरचं रक्त

आमच्या वन्सं कधी आजारी पडल्या नाहीत, असं जो कोणी म्हणतो ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. कारखान्यात म्हणतात, गल्लीत म्हणतात, आणि सगळ्यांत जास्त माझा नवरा म्हणायचा. "ताईची तब्येत म्हणजे दगड आहे दगड!" डोंबल दगड! दगडात रक्त नसतं, म्हणून ते जातही नाही. वन्संचं जात होतं. वर्षानुवर्षं जात होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ही बाई काय काय उद्योग करायची ते मी याच घरात राहून बघितलंय. सांगताना माझा आवाज चढेल, हे आधीच सांगून ठेवते. मला सावकाश, गोड बोलायला जमत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा माहेरी परत आल्या. आईबापांचं दुखणं-खुपणं काढलं, भावाचं लग्न लावलं, आणि मी या घरात आले न आले तोच मला कारखान्यात घेऊन गेल्या. तयार कपड्यांचा कारखाना आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर इस्त्री विभाग, आणि तिथे सगळ्या बायकाच. मी वन्सं म्हणते म्हटल्यावर शेजारच्या टेबलांवरच्या बायकाही वन्सं म्हणायला लागल्या, मग पॅकिंगवाले, मग बॉयलरवाला. वयाने त्यांच्यापेक्षा मोठ्या बायकाही वन्सं म्हणतात. कुणाची कोण नणंद, कशाचा कशाला पत्ता नाही.

त्या खोलीत कधी कुणी येऊन उभं राहिलं तर त्याला कळेल. लांबलचक खोली, टेबलांच्या दोन रांगा, प्रत्येक टेबलावर वरून लोंबणारी वाफेची नळी आणि तिच्या टोकाला इस्त्री. पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली की टेबल वाफ खाली ओढून घेतं आणि कापड सपाट बसतं. वाफ खाली जाते असं म्हणायचं, पण निम्मी तोंडावरच येते. खिडक्या उघडायच्या नाहीत, पांढऱ्या मालावर धूळ बसते. घाम गळून डाग पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायचं. आणि त्या भट्टीत आमच्या वन्सं शर्टाची कॉलर अशी फिरवायच्या, टोकाकडून मध्ये, टोकाकडून मध्ये, की बघत राहावं. कॉलर मधून टोकाकडे दाबली तर टोकाला चुणी पडते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं.

आणि पहिल्याच दिवशी आणखी एक शिकवलं. जेवायच्या सुट्टीआधी माझा घसा नुसता कोरडा पडला होता. मी कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, पेला भरला आणि तोंडाला लावला, तर वन्संनी येऊन माझं मनगट धरलं.

"चूळ भर आणि थुंक. गिळू नको."

"अहो वन्सं, तहान लागलीय!"

"तहान तोंडाला लागते. तोंड ओलं कर. पोटात गेलं की खाली जावं लागतं."

खाली म्हणजे बाथरूमला. जिना उतरायचा, आवार ओलांडायचं, मागच्या भिंतीला दोन दारं, त्यातलं एक मोडलेलं. आणि जायचं तर चकती घेऊन जायचं. ही चकती म्हणजे दोरी ओवलेला लाकडाचा गोल तुकडा, सुपरवायझर बाईंच्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेला. अख्ख्या विभागाला एकच. ती जिच्या हातात, तीच खाली जाणार, बाकीच्यांनी कळ काढायची. चकती उचलली की सुपरवायझर बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "गेल्या का महाराणी?" म्हणजे दोन पायांवर उभं राहून दिवसभर राबायचं, आणि मुतायला जायचं तर वरात काढून!

या बाईला आम्ही थर्मास म्हणायचो. टेबलावर तिचा भला मोठा स्टीलचा थर्मास असायचा, गार पाण्याचा. दिवसभर घुटके घेत बसायची, आणि ऑफिसशेजारच्या स्वच्छ बाथरूमला केव्हाही जायची. तिला कुठली आलीय चकती!

माझा तिच्यावर राग आहेच. पण खरी तळपायाची आग मस्तकाला जाते ती वेगळ्याच गोष्टीने. आमच्या बायकांना त्या न हलणाऱ्या चकतीचा अभिमान होता. "शिलाईवाल्यांची चकती बघ, सारखी नाचत असते. आमची सकाळी टांगली की संध्याकाळपर्यंत तशीच." असं छाती काढून सांगायच्या. आणि त्यात पुढे कोण, तर आमच्या वन्सं. नवी मुलगी आली की तिला आधी कॉलर शिकवायच्या आणि मग थुंकायला.

मग ती रक्ताची तपासणी सुरू झाली. झालं असं, की एक बाई चक्कर येऊन इस्त्रीवर पडली, तिचा हात भाजला, आणि परदेशात माल घेणाऱ्यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी विचारलं, तुमच्या बायका धडधाकट आहेत का? झालं! साहेबांनी लगेच नियम काढला. दर सहा महिन्यांनी नर्स येणार, बोटाला टोचून छोट्या मशीनवर हिमोग्लोबिन बघणार. दहाच्या वर आलं तर काम करा. दहाच्या खाली आलं तर घरी बसा, रक्त वाढवून या. बिनपगारी. कसं वाढवायचं, कशाने वाढवायचं, ते कुणी सांगणार नाही. म्हणजे बाई पडू नये म्हणून जो नियम, तो बाईलाच बाहेर काढायला!

पहिल्या खेपेला चार जणी घरी गेल्या. वन्संनी ते बघितलं आणि त्यांचं डोकं चाललं. कामाला लागायच्या आधी ज्यांचं बोट टोचलं त्या पडल्या, आणि दिवसभर वाफ खाऊन शेवटी ज्या रांगेत गेल्या त्या पास झाल्या, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वेळी त्यांनी फर्मान काढलं. तपासणीच्या आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नाही. सकाळी बॉयलरकडच्या टेबलांना उभं राहायचं, भरपूर घाम काढायचा, आणि नर्सकडे शक्य तितकं उशिरा जायचं.

"त्याने काय होतं?" मी विचारलं.

"रक्त दाट होतं. दाट झालं की आकडा चढतो."

आणि चढला की हो! नऊवाल्या काठावर दहा झाल्या. नर्स म्हणाली, "छान! सगळ्या सुधारल्या." थर्मासने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बायकांनी वन्संना डोक्यावरच घेतलं. मीही घेतलं, का नाही घेणार? माझंही काठावरच होतं.

इथपर्यंत मी समजू शकते. पोटासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो, आणि त्या साहेबाला फसवलं तर माझ्या मनाला काडीचाही सल नाही. पण पुढचं ऐका.

मी घरात वन्संच्या आधी कधी उठू शकले नाही. त्या आधी उठून कपडे धुऊन मोकळ्या व्हायच्या. दोरीवर चादर वाळत घालायच्या आणि चादरीखाली त्यांची फडकी. एवढी फडकी? महिन्यातले चार दिवस नाही, दहा दिवस, कधी पंधरा. चेहरा पिठासारखा पांढरा. जिना चढताना मध्येच थांबून पदर सारखा केल्यासारखं करायच्या, खरं तर दम घ्यायच्या. मी एकदा स्पष्टच बोलले. "वन्सं, हे बरं नाही. डॉक्टरकडे चला."

तर काय म्हणाल्या माहितीये? "माझं दहाच्या वर आहे. नर्सने स्वतः बघितलंय. एवढं रक्त जात असतं तर दहाच्या वर आलं असतं का?"

मी म्हटलं, "अहो, ते तुम्ही पाणी न पिऊन चढवलंय ना!"

"आकडा थोडा चढतो. नसलेलं रक्त कुठून येणार? असेल म्हणूनच चढतं ना?"

आता बोला! यावर काय डोकं फोडायचं? या बाईने कारखान्याच्या मापात काटा मारला, आणि घरी येऊन त्याच मापाने स्वतःला तोलायला बसली. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणे, "बायकांचं काहीतरी असेल, मला काय कळतंय त्यातलं. आणि दहाच्या वर आहे म्हणते ना ती?" तोही दहाच्या वर! घरात सगळ्यांना त्या दहाने झपाटलं होतं. मी दर महिन्याला भांडायचे, त्या दर महिन्याला दहा दाखवायच्या.

मग तो उन्हाळा आला. नुसती आग ओकत होता. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारपासून वन्संचं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, काही ठरेना पोटात. मी साखर-मिठाचं पाणी करून पुढ्यात धरलं तर त्यांनी पेला बाजूला सारला.

"उद्या तपासणी आहे."

"अहो जीव जाईल!"

"नाही जात. आणि हे एका परीने बरंच झालं. उद्या आकडा चांगला येईल."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जुलाब झाले ते बरं झालं म्हणणारी बाई आख्ख्या जगात दुसरी सापडणार नाही. सकाळी मी दार अडवून उभी राहिले, तर मला ढकलून जिना उतरल्या. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. मीही मग मागोमाग धावले. बॉयलरकडच्या टेबलाला उभ्या राहिल्या आणि नेहमीसारख्या कॉलर फिरवायला लागल्या. दुपारी नर्स आली. वन्संचं बोट पिळून पिळूनसुद्धा थेंब लवकर येईना. आला तेव्हा मशीनने पावणेअकरा दाखवलं.

"वा, वन्सं!" नर्स म्हणाली. "सगळ्या विभागात तुमचं रक्त पहिलं!"

बायकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. वन्सं हसल्या, टेबलाकडे जायला वळल्या आणि दोन टेबलांच्या मध्ये कोसळल्या. विभागातलं सगळ्यात चांगलं रक्त जमिनीवर आडवं पडलं होतं, आणि थर्मास ओरडत होती, "नळी बंद करा, माल भाजेल!" माल! त्या क्षणी हातात इस्त्री असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने वन्संच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. जीभ बघितली, नाडी बघितली आणि विचारलं, "लघवी कधी झाली होती?"

वन्संनी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

दोन्ही हातांना सलाईन लावलं. आणि मग सुरू झाली गंमत. दर थोड्या वेळाने सिस्टर यायची आणि विचारायची, "मावशी, लघवी झाली का? नाही? प्रयत्न करा. आणू का भांडं?" ज्या बाईने उभं आयुष्य लघवी दाबण्यात घालवलं, तिला आता चार माणसं विनवत होती, की बाई गं, एकदा कर! मला हसू येत होतं आणि सिस्टरने जाता जाता सांगितलं होतं, की मूत्रपिंडं बंद पडली तर अवघड आहे. 

आल्या आल्या रक्त तपासलं होतं. तिथेही दहाच्या वरच आलं. माझा नवरा कामावरून धावत आला, त्याने ते ऐकलं आणि हुश्श केलं. "बघ. रक्त तर चांगलंय. अशक्तपणा असेल." मी दात-ओठ खात बसले.

बाटल्यांवर बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाची लघवी झाली, सिस्टरने मला येऊन सांगितलं, आणि मी त्या सिस्टरच्या गळ्यातच पडले. त्याच सकाळी पुन्हा रक्त तपासलं. साडेसात.

नवऱ्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. "काल दहाच्या वर होतं, आज साडेसात? काय केलंत तुम्ही? पाणी भरून भरून रक्त पातळ केलंत माझ्या बहिणीचं! काढा ती सुई! काढा म्हणतो!" आणि वन्सं? भाऊ ओरडतोय म्हटल्यावर त्यांनाही अवसान आलं. त्या स्वतःच हातावरची चिकटपट्टी ओरबाडायला लागल्या. "साडेसातवर मला कोण कामावर घेणार? पाणी नको मला. काढा हे!"

तेव्हा माझा संयम सुटला. मी त्यांचा हात पलंगावर दाबून धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा वन्संना अगं-तुगं केलं.

"गप पड! हात हलवलास तर बांधून ठेवीन! अगं, मरायला टेकली होतीस तू, कळतंय का? तुझ्या दहाने मारलं असतं तुला!"

  तोवर डॉक्टरीण आली होती. मग तिने नवऱ्यालाच विचारलं, "घरी स्वयंपाक करता का कधी?"

"मी? नाही."

"मग आज करून बघा. पातेलंभर पाण्यात मूठभर मीठ टाका आणि चाखा. मग पाणी निम्मं होईपर्यंत उकळा आणि पुन्हा चाखा. जास्त खारट लागेल. मीठ वाढलं का?"

"नाही. पाणी कमी झालं."

"तेच झालंय. यांच्या अंगातलं पाणी घामाने, उलट्यांनी, जुलाबांनी गेलं आणि वरून या प्यायल्याच नाहीत. लाल पेशी होत्या तेवढ्याच होत्या, कमीच होत्या, पण आटलेल्या रक्तात त्या दाटीवाटीने दिसल्या. आम्ही रक्त पातळ नाही केलं. पाणी जागेवर आणलं, तेव्हा खरं काय ते दिसलं. यांच्या गर्भाशयात गाठी आहेत, त्यातून हे रक्त जातंय. किती वर्षं, ते यांनाच माहीत."

वन्सं छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "म्हणजे मागचेही सगळे आकडे?"

"कोरड्या अंगाने तपासले असतील तर खोटे."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्यांची पाठ थरथरताना दिसली आणि मला पाण्याचा पेला पुढे करणंच तेवढं सुचलं. या वेळी त्यांनी तो घेतला, आणि गिळलं.

गाठींचं ऑपरेशन करायचं तर आधी रक्त चढवायला हवं होतं. दवाखाना म्हणाला, आम्ही देतो, पण तेवढं तुमच्या माणसांनी रक्तपेढीत भरायचं, कुठल्याही गटाचं चालेल. सुई बघूनच नवऱ्याला घाम फुटला, पण दिली बिचाऱ्याने एक बाटली, आणि मग दिवसभर हात धरून बसला, जसं काही बाळंत झालाय. अजून दोन हव्या होत्या. मी बायकांना निरोप धाडला. सुट्टीच्या दिवशी आख्खा इस्त्री विभाग आला हो! नटूनथटून, एकमेकींना ढकलत. "वन्संसाठी नाही द्यायचं तर कुणासाठी? आणि आपलं सगळ्यांचं दहाच्या वरच तर आहे."

रक्तपेढीतल्या मुलीने एकेकीचं बोट टोचलं. सुट्टी होती, घरी सकाळपासून सगळ्या चहापाणी करून आलेल्या. पहिली आठ. दुसरी नऊ. तिसरी पुन्हा आठ. मी, साडेआठ.

"रक्त द्यायला साडेबारा लागतं," ती मुलगी म्हणाली. "तुमच्यापैकी एकीचंही दहा नाही. तुम्ही सगळ्या कुठून आलात?" शेवटचं वाक्य तिने अशा आवाजात विचारलं, की जणू आम्ही कुठल्या पुरातून वाहून आलोय.

बायका बाकावर बसून राहिल्या. कुणी कुणाकडे बघेना. "पण आम्ही पास आहोत," एक जण पुटपुटली. पास! आमच्यातली एक जण पोटुशी होती, तिने पोटावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. आम्ही ज्या माणसांना फसवलं म्हणून खूश होतो, ती माणसं ऑफिसात गार पाणी पीत बसली होती, आणि फसवल्या गेल्या होत्या त्या या बाकावरच्या.

तेवढ्यात दारातून थर्मास आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वन्सं तिच्यासमोर कोसळल्यापासून तिला म्हणे जेवण जात नव्हतं. तिने बोट पुढे केलं. तेरा. आख्ख्या मजल्यावरच्या बायकांत रक्त देण्याजोगी एकच निघाली, आणि ती कोण, तर जिला चकती लागत नाही ती! माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तिचं रक्त नको, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण वन्संच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून गिळला राग. दुसरी बाटली बॉयलरवाल्याने दिली. तो बॉयलरजवळ असतो, पण आवारातल्या भिंतीला केव्हाही जाऊन उभा राहू शकतो ना.

मी वन्संना सगळं सांगितलं, एकेकीचा आकडा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मीच शिकवलं त्यांना थुंकायला."

"हो," मी म्हटलं. मी काही गोड बोलणारी नाही.

"मग आता गिळायलाही मीच शिकवीन."

ऑपरेशन झालं. गोळ्या खाऊन, घरात बसून वन्सं हळूहळू माणसात आल्या. गालांवर रंग आला, जिना एका दमात चढायला लागल्या. पुढच्या तपासणीच्या दिवशी त्यांना पुन्हा कामावर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आज आणि उद्या पोटभर पाणी प्यायचं. कुणी थुंकायचं नाही."

"वन्सं, आकडा पडेल. घरी बसवतील!"

"एकीला बसवतात. दोघींना बसवतात. सगळ्यांना कोण बसवतंय? माल काय साहेब इस्त्री करणार?"

  बायकांना ती रक्तपेढी आठवत होती. तपासणीच्या सकाळी माठ दोनदा रिकामा झाला. आधी वन्संनी सगळ्यांसमोर तीन पेले सलग संपवले, आणि हात पुढे केला. अकरा. खरं, ओलं, त्यांचं स्वतःचं अकरा. मग बाकीच्या गेल्या. साडेआठ, नऊ, आठ, साडेआठ. नर्सने मशीनची बॅटरी बदलली. स्वतःचं बोट टोचून बघितलं, तर बरोबर आलं. ती घाबरून साहेबांना घेऊन आली.

"सर, नियमाप्रमाणे या सगळ्यांना घरी पाठवावं लागेल."

"सगळ्यांना?" साहेबांचा चेहरा उतरला. "परवा माल जायचाय! अचानक काय झालं या बायकांना?"

"अचानक नाही, साहेब," वन्सं म्हणाल्या. "आज पाणी पिऊन आल्यात, म्हणून खरं दिसतंय. गोळ्या द्या, पाणी पिऊ द्या, आणि ती चकती काढा. नाहीतर बसवा सगळ्यांना घरी."

साहेबांनी थर्मासकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. वन्सं तिच्याजवळ गेल्या आणि तिला एकटीलाच म्हणाल्या, पण माझं टेबल जवळ होतं, मला ऐकू आलं. "बाई, तुमचं रक्त फिरतंय माझ्या अंगात. त्याची तरी लाज राखा."

थर्मासने मागे हात करून खिळ्यावरची चकती काढली. मला वाटलं, आता फेकेल. तिने ती नेऊन साहेबांच्या हातात दिली.

"साहेब, मला हे जमणार नाही यापुढे. कोण किती वेळा जाते त्याचा हिशोब तुम्हालाच हवाय, तर चकती तुमच्याकडेच राहू द्या. जिला जायचंय ती तुमच्याकडे मागायला येईल."

साहेब चकती हातात घेऊन केबिनकडे गेले, दार लावून घेतलं. आणि इकडे आख्खा विभाग सकाळपासून पाणी प्यायलेला. कुणाला काही ठरवावं लागलं नाही. बायका इस्त्र्या उभ्या करून ठेवत गेल्या आणि केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली. सगळ्यांत पुढे वन्सं. त्यांनी दारावर टकटक केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, लघवीला जायचंय. चकती द्या."

साहेबांनी मान खाली घालून दिली. त्या गेल्या, आल्या, चकती त्यांच्या टेबलावर ठेवली. लगेच दुसरी आत. "साहेब, लघवीला जायचंय." मग तिसरी. पोटुशी होती ती. तिने हात पुढे केला, तर साहेब म्हणाले, "घेऊन जा ती. आणि परत आणू नका."